ठोक्याचे तीन आकडे

१९८५ साली रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड बाजारात आला, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. रबराचे आठ चौकोन आणि मागे तारा जोडायच्या जागा, एवढंच ते यंत्र. काठी मारली तर रबरावर काठी आपटल्याचा थप्प आवाज व्हायचा, त्यापलीकडे काही नाही. ढोलकी, झांज, काँगो हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रात असायचं आणि ऑक्टोपॅड त्या यंत्राला तारेवरून फक्त वर्दी द्यायचा: अमुक चौकोनावर मारलं, इतक्या जोराने मारलं. पुढे काय करायचं ते तुझं तू बघ.

नंतरच्या ऑक्टोपॅडांमध्ये आवाज भरले गेले आणि आपल्याकडे त्यांनी घरच केलं. लग्नाची हळद असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की लावणीचा कार्यक्रम, स्टेजच्या एका बाजूला उभा राहून दोन काठ्यांनी अख्खा ताल सांभाळणारा ऑक्टोपॅडवाला महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? पण आवाज आले तरी त्या यंत्राची जुनी सवय गेली नाही. मागच्या बाजूला पाच पिनांची गोल खोबण अजून असते. तिथे तार लावली की ते पूर्वीसारखंच, स्वतःच्या आवाजाची पर्वा न करता, कुणीकडे तरी वर्दी धाडत राहतं.

माझ्या टेबलावर असा एक ऑक्टोपॅड आहे. मामेभाऊ कराडकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा, त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. "घे अगं, वाजवलं नाहीस तरी तुझ्याकडे नीट राहील," म्हणाला. मी वाजवत नाही. मी त्याच्यावर कॉम्प्युटर चालवते. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः लिहून काढणं हे माझं काम, आणि या कामात माझी बोटं, कान आणि मान यांना जेवढं सुख या आठ चौकोनांनी दिलं तेवढं कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरने दिलेलं नाही. ते का, याचा मी बराच विचार केला आहे.

ही सगळी करामत मिडीची. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी आणि कॉम्प्युटरशी बोलायची ठरवून दिलेली रीत. सत्तरच्या दशकात सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या, पण एका कंपनीचं वाद्य दुसरीच्या वाद्याला ओळख देत नसे. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वूड या सहकाऱ्याबरोबर १९८१ साली ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत एका सामाईक जोडणीचा आराखडा मांडला. जपानात रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या मनातही तेच घोळत होतं. यामाहा, कॉर्ग, कावाई याही कंपन्या पुढे आल्या. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या मोठ्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचं एक आणि रोलंडचं एक अशी दोन वाद्यं तारेने जोडली गेली. पट्ट्या एकाच्या दाबल्या आणि वाजलं दुसरं. बाजारात एकमेकींच्या समोर उभ्या असलेल्या दोन कंपन्यांची ही वाद्यं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही रीत वापरायला त्यांनी कुणाकडून पैसा घेतला नाही. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. त्यांनी १९८३ साली ठरवलेला निरोप आजही जसाच्या तसा चालतो.

निरोप तरी काय, तीन आकडे. समजा मी कळ दाबली आणि तारेवरून १४४, ६०, ९२ असे आकडे गेले. १४४ म्हणजे पहिल्या वाहिनीवर एक सूर सुरू झाला. ६० म्हणजे पट्टी कुठली. पेटीवाल्यांच्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी एक. ६१ आलं असतं तर काळी एक. आणि ९२ म्हणजे ती किती जोरात दाबली. पट्टी असो की जोर, शून्य ते १२७ या मर्यादेत सगळा संसार. वाहिन्या सोळा. तारेवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे हे तीन आकडे पोचायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. पलीकडच्या यंत्रात शिरताना तर आणखी एक नवल घडतं. तिथे एक बारीकसा दिवा आणि प्रकाश ओळखणारा एक भाग समोरासमोर बसवलेले असतात. आलेली वीज दिव्याला पेटवते-विझवते, समोरचा भाग ते पाहतो आणि त्याची पुन्हा वीज करतो. दोन वाद्यांचा विजेचा संबंध मध्ये तुटलेला असतो, म्हणून एकाची घरघर दुसऱ्यात येत नाही. माझ्या बोटाचा ठोका त्या इवल्या अंतरात प्रकाश होऊन पलीकडे जातो, हे कळलं त्या दिवशी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मामेभावाच्या जुन्या मिक्सरशेजारचा एक बिघडलेला डबा उघडून तो भाग डोळ्यांनी पाहून घेतला होता. काळा, सहा पायांचा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा.

या निरोपात काय नाही तेही पाहायला हवं. त्यात आवाज नाही. तबला नाही, पियानो नाही, सूर कसा लागावा याचा आग्रह नाही. हाताने काय केलं तेवढंच त्यात आहे. त्याचा अर्थ लावायचा तो ऐकणाऱ्याने. ऐकणारं यंत्र ढोलकीचं असेल तर ढोलकी वाजेल. ऐकणारा कॉम्प्युटर असेल आणि मी त्याला सांगून ठेवलं असेल, की ३८ क्रमांकाचा ठोका आला की ध्वनिमुद्रण दोन सेकंद मागे ने, तर ध्वनिमुद्रण दोन सेकंद मागे जाईल. निरोप पाठवणाऱ्याचा याला विरोध असण्याचं कारणच नाही. मिडीने हाताची हालचाल आणि तिचा अर्थ यांच्यात मोकळी जागा ठेवली, आणि माझ्यासारखीचं सगळं काम त्या मोकळ्या जागेत चालतं.

हे कॉम्प्युटरला सांगून ठेवणं अवघड नाही. विंडोज आणि मॅकसाठी बोम मिडी ट्रान्सलेटर आहे, मॅकवरच्या कीबोर्ड माएस्ट्रोला मिडीचे निरोप कळतात, आणि लिनक्सवर तर एका ओळीची आज्ञा दिली की येणारा प्रत्येक ठोका पडद्यावर आकड्यांत उमटायला लागतो. ते बघताना गंमत वाटते. बोट टेकवलं की ओळ, उचललं की ओळ, घट्ट दाबलं की तिसरा आकडा चढलेला. आपण आयुष्यभर वस्तूंना हात लावत आलो, पण त्या हाताची अशी नोंद कधी पाहिलेली नसते. मग एक लहानशी यादी करायची: हा आकडा आला की हे कर.

माझं काम आता जवळून दाखवते. लालबागला राहणाऱ्या एका निवृत्त गिरणी कामगारांची मुलाखत सध्या लिहून काढते आहे. साचे चालवायचे ते, म्हणजे माग. दोन्ही हात साच्यावर आणि कान त्या खडखडाटाला सरावलेले. ओठांवरून बोलणं ओळखायची सवय झालेली म्हणून असेल, पण ते स्वतः बोलताना शब्दाची सुरुवात गिळतात. परवा एका वाक्यात मी अडले. "...खोटा उडाला की," असं ऐकू आलं. खोटा काय उडेल? पायाखालचं पेडल सोडलं, ध्वनिमुद्रण थांबलं. डावीकडचा खालचा चौकोन हलकेच टिचकावला, दोन सेकंद मागे. पुन्हा ऐकलं. पुन्हा खोटा. मग वरच्या चौकोनावर टिचकी, वेग निम्मा. आता त्या शब्दाच्या तोंडाशी एक जड श्वास ऐकू आला, आणि तो कंठातून नव्हता, दातांमागून होता. धोटा! सुताची कांडी पोटात घेऊन साच्यावर इकडून तिकडे धावणारा धोटा. तो कधी कधी उडून बाहेर येई, लागत असे, त्याचीच ही हकीकत. मी ध टाइप केला आणि पेडल दाबलं. एवढ्या सगळ्यात माझी नजर पडद्यावरच्या वाक्यावरून हलली नव्हती आणि माऊसला हात लागला नव्हता.

पेडलाचं श्रेय माझं नाही. डिक्टेशन ऐकून टाइप करणाऱ्या टंकलेखिकांना पायाची कळ फार पूर्वीपासून मिळालेली होती. मी लावलेलं पेडल पियानोवाल्यांचं आहे, ज्याने सूर रेंगाळत ठेवता येतो. एका लहान कीबोर्डच्या मागे ते जोडलंय. मिडीत त्याचा क्रमांक ६४. ६३ पर्यंत आकडा आला तर पाय वर, ६४ पासून पुढे पाय खाली. सूर रेंगाळवण्यासाठी राखलेला हा क्रमांक माझ्याकडे माणसाचं बोलणं सुरू ठेवतो. पाय उचलला की बोलणं थांबतं आणि आपोआप एक सेकंद मागे सरकतं, म्हणजे पुन्हा सुरू करताना शेवटचा शब्द कानावर पडतो.

टिचकीच्या जोराचा उपयोगही मी करून घेतला आहे. हलकी टिचकी म्हणजे दोन सेकंद, जोरकस मारली तर दहा. ठरवताना वाटलं होतं की गोंधळ होईल. झाला नाही. चुकलेला शब्द नुकताच गेला असेल तर हात आपसूक हलका पडतो आणि वाक्याचा धागाच हरवला असेल तर आपसूक जोरात. कॉम्प्युटरच्या साध्या कीबोर्डला हा फरक कळतच नाही. त्याच्यासाठी कळ दाबलेली असते किंवा नसते. रागाने दाबली काय, झोपेत दाबली काय. वाद्याच्या पट्टीखाली मात्र दोन संपर्क असतात, एक आधी जुळतो, एक नंतर. दोहोंच्या मधला वेळ मोजायचा. वेळ कमी तर जोर जास्त. पॅडमध्ये रबराखाली दाब किंवा कंप ओळखणारा थर असतो. बोटाचं वजन मोजण्याची ही सोय वादकांनी मागितली म्हणून झाली. कारकुनांनी मागितली असती तर त्यांनाही मिळाली असती का, कोण जाणे, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

लोक म्हणतात, एवढं कशाला, शॉर्टकट आहेत की. आहेत, आणि मी ते वर्षानुवर्षं वापरले. पण मराठी टाइप करणाऱ्याला विचारा. मी इन्स्क्रिप्टवर लिहिते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि द च्याच कळीवर शिफ्ट धरला की ध. वर्णमाला ज्याने नीट ऐकली आहे त्यानेच अशी मांडणी करावी. पण मराठी चालू असताना इंग्रजी एस च्या जागी एकार बसलेला असतो, आणि काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल धरून ती कळ दाबली तर मजकूर जतन होतच नाही, कारण प्रोग्रॅमला एस दिसतच नाही. मग भाषा बदला, आज्ञा द्या, भाषा परत बदला. ठोक्याला भाषा नसते. मराठी चालू असो, इंग्रजी असो, मोडीचा एखादा फाँट उघडलेला असो, पाचवा चौकोन हा पाचवाच चौकोन.

त्याहून खोल अडचण वेगळी आहे. ज्या बोटांनी शब्द लिहायचे त्याच बोटांनी, त्याच कळांवर, हुकूमही सोडायचे. लिहिणं आणि चालवणं ही दोन कामं एकाच जागी कोंबलेली. मला वाटतं दिवसाच्या शेवटी जो शीण येतो त्यातला बराच या कोंबण्याचा असतो. स्वयंपाकघरात मीठ, तिखट, हळद एकाच डब्यात ठेवून दर वेळी निवडून बाहेर काढायची वेळ आली तर काय होईल, तसं ते आहे. हाताला जागा लक्षात राहतात. आठ चौकोन मी पाठ केले नाहीत. ते हाताने आपले आपण शिकून घेतले, आणि आता मला कुणी विचारलं की वेग कमी करायचा चौकोन कुठला, तर हात पुढे नेल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि कळांचं मूळ पाहिलं तर ही परक्या घरातली उसनवारी नाहीच. इटलीतल्या नोव्हारा गावचे वकील जुझेप्पे राविझ्झा यांनी १८५५ साली लिहिण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं होतं लिहिणारं चेंबालो. चेंबालो म्हणजे पियानोच्या आधीचं तारवाद्य. त्याच सुमाराला अमेरिकेत डेव्हिड ह्यूज यांनी छापील अक्षरं उमटवणारी तारयंत्रणा केली. ते मुळात संगीत शिकवणारे. त्यांच्या यंत्राला २८ पट्ट्या होत्या, पांढऱ्या आणि काळ्या, आणि तार पाठवणारा माणूस पेटीवर बसावा तसा तिच्यापुढे बसायचा. युरोपातल्या तारऑफिसांत ती यंत्रं कित्येक वर्षं वाजत होती. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांच्या १८६८च्या टाइपरायटरच्या पहिल्या पेटंटमध्येही कळा पियानोसारख्याच आहेत. पुढे त्या गोल झाल्या, ओळींत बसल्या, क्वर्टी मांडणी आली आणि वाद्याशी असलेलं नातं दिसेनासं झालं.

पुन्हा एकदा ते दिसलं ते ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. डग्लस एंगलबार्ट यांनी त्या दिवशी हजारभर जाणकारांपुढे कॉम्प्युटरचं भविष्य चालवून दाखवलं. पडद्यावरचा मजकूर जागच्या जागी बदलणं, एका दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाणं, दूरच्या माणसाचा चेहरा पडद्यावर आणून त्याच्याबरोबर काम करणं, सगळं. त्यांच्या उजव्या हातात माऊस होता, हे सगळ्यांना माहीत असतं. डाव्या हाताखाली काय होतं ते फार थोड्यांना. तिथे पाच लांबट पट्ट्यांचं एक लहान यंत्र होतं. एकेक पट्टी दाबायची, किंवा दोन, तीन, पाच एकदम. पाच बोटांची ३१ प्रकारची मिश्रणं होतात, त्यात इंग्रजीची सगळी अक्षरं बसतात. पियानोवर स्वरसमूह धरतात त्या पद्धतीने ते वापरायचं. उजवा हात दाखवणार, डावा हात सांगणार, अशी ती जोडी होती. जगाने उजव्या हाताचं यंत्र घेतलं आणि डाव्याचं टाकलं. शिकायला वेळ लागतो, हे कारण. वेळ लागतोच, पेटी शिकायलाही लागतो, आणि एकदा शिकलं की मग तो हात म्हातारपणापर्यंत साथ देतो. एंगलबार्ट यांना माणूस शिकेल असा विश्वास होता. बाजाराला तो नव्हता. मला या बाबतीत एंगलबार्टच बरोबर वाटतात, आणि माझा डावा हात ऑक्टोपॅडवर असतो तेव्हा ते टाकून दिलेलं यंत्रच मी दुसऱ्या वाटेने परत आणलं आहे अशी माझी भावना असते.

माऊस म्हणजे शेवटी एकच बोट. हे मला भाच्याने दाखवलं. तो लग्नाचे फोटो काढतो. एका लग्नाचे शेकडो फोटो आणि प्रत्येकाचा उजेड, सावली, रंगाचा उबदारपणा जुळवायचा. पडद्यावर त्यासाठी आडव्या पट्ट्यांवरच्या सरकत्या खुणा असतात, माऊसने एक धरायची, सरकवायची, सोडायची, मग दुसरी. त्याच्याकडे बेरिंगरचा एक्स-टच मिनी आहे: आठ गोल खुंट्या, सोळा बटणं, एक सरकदांडा. संगीताच्या ध्वनिमिश्रणासाठी केलेलं यंत्र, पण मिडी-टू-एलआर नावाच्या फुकट जोडणीमुळे लाइटरूम या फोटोंच्या प्रोग्रॅमला त्याचे निरोप कळतात. मी शेजारी बसून त्याची बोटं बघत होते, तर म्हणाला, "मावशी, हाताकडे नको बघूस, फोटोकडे बघ." पाहिलं. डाव्या हाताने तो उजेड चढवत होता आणि त्याच वेळी उजव्याने सावल्या खोल करत होता. नवरीच्या मुंडावळ्या उजळल्या आणि मामाच्या फेट्याचा लाल रंग मात्र फिका पडला नाही. दोन गोष्टी एकमेकींना धरून बदलायच्या असतात तेव्हा त्या एकामागून एक बदलून कधीच मनासारखी जागा सापडत नाही. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

खुंटीची एक अडचणही याच कामात कळते. साधी खुंटी शून्यापासून १२७ पर्यंत फिरते आणि जिथे ठेवली तिथे राहते. एका फोटोत ती ९० वर ठेवून पुढच्या फोटोवर गेलात, तर त्या फोटोचा उजेड मुळात ४० वर असला तरी खुंटी आपली ९० वरच. जरा हात लावला की चित्र उडी मारतं. हाताची खूण आणि कामाची स्थिती यांची फारकत होते. त्यावर वेगवेगळे उपाय निघाले. एक म्हणजे खुंटी त्या फोटोच्या खऱ्या आकड्यापाशी पोचेपर्यंत कॉम्प्युटरने तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. दुसरा उपाय फार देखणा आहे: सरकदांड्याला मोटर बसवायची, मग फोटो बदलला की दांडे आपोआप सरसर सरकून नव्या जागी उभे राहतात. भाच्याच्या यंत्रात तिसरा उपाय आहे. खुंट्या न थांबता कितीही फिरतात, त्या स्थिती न सांगता फक्त इतक्या पायऱ्या डावीकडे, इतक्या उजवीकडे एवढंच सांगू शकतात, आणि भोवतीच्या दिव्यांचं कडं कॉम्प्युटरने कळवलेली खरी स्थिती दाखवतं. निरोप दोन्ही बाजूंनी जातो. हात सांगतो, आणि काम हाताला उलट कळवतं.

शून्य ते १२७ या पायऱ्यांवर गाणारी माणसं नाराज असतात, आणि ते योग्यच आहे. पट्ट्यांच्या वाद्याशी आपल्या संगीताचं भांडण जुनं आहे. श्रुती आणि मींड पट्ट्यांत बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली, इकडे त्याच पेटीवर मराठी संगीत नाटक उभं असताना. मिडीत सूर वाकवण्यासाठी १६,३८४ बारीक पायऱ्यांची वेगळी सोय आहे, २०२० साली आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत पायऱ्या आणखी बारीक झाल्या. मींडेसाठी ते पुरेल का, हे गाणाऱ्यांनी सांगावं. ध्वनिमुद्रण मागे नेण्याला १२८ पायऱ्या रग्गड आहेत.

या जुन्या आराखड्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे नियंत्रकांची यादी. कुठल्या क्रमांकावर काय, हे तिथे ठरलेलं आहे. ७ म्हणजे आवाजाची पातळी, ६४ म्हणजे ते पेडल, ४ म्हणजे पायाचं दुसरं नियंत्रण. आणि २ म्हणजे श्वास. फुंकरीच्या जोराने सूर घडवणाऱ्या वादकासाठी तो राखला आहे. ज्याचे हात चालत नाहीत अशा माणसाला फुंकर मारून पान उलटता यावं, हे त्या यादीत लिहिलेलं नाही, पण वाट तिथून जाते. यादीत २० ते ३१ आणि १०२ ते ११९ या क्रमांकांपुढे काहीच ठरवलेलं नाही. ते रिकामे सोडले आहेत. पुढे कुणाला काय लागेल ते आपल्याला आज कळणार नाही, असं समजून ज्यांनी जागा रिकाम्या ठेवल्या त्या माणसांबद्दल मला कृतज्ञता वाटते. १९८७ साली अटारी एसटी कॉम्प्युटरना मिडीच्या तारांनी गोल जोडून सोळा जणांना एकमेकांशी खेळता येईल असा मिडी मेझ नावाचा खेळ निघाला. १९९१ साली रंगमंचावरचे दिवे आणि पडदे मिडीने चालवायची रीत ठरली. माझे आठ चौकोन आणि भाच्याच्या खुंट्या त्याच मोकळेपणात वाढलेल्या आहेत.

गणपतीत ऑक्टोपॅड मामेभाऊ घेऊन जातो. मंडळात पोरांना शिकवायला त्याला दुसरा लागतोच. दहा दिवस मी लहान कीबोर्डच्या पट्ट्यांवर भागवते. परत आला की तार लावते आणि काही एक बदलावं लागत नाही, कारण त्याला माझ्या कामाचं काही ठाऊकच नसतं. सगळी यादी कॉम्प्युटरकडे. ज्या चौकोनावर मंडपात ढोलकीची थाप वाजली, तोच इथे मुलाखत मागे नेतो.

सध्या मी एक नवी जुळणी करते आहे. आधीच्या पेडलाच्या जोडीला आणखी एक असं पेडल मिळालं आहे, जे दाबलं-सोडलं एवढंच सांगत नाही. पाय किती खाली गेला ते सतत कळवतं. त्याला मी २० हा रिकामा क्रमांक दिला आणि तो बोलण्याच्या वेगाला जोडला. पाय पूर्ण वर तर बोलणं आपल्या गतीने, जसजसा खाली जाईल तसतसं सावकाश, निम्म्या वेगापर्यंत. स्वराची पट्टी मात्र तीच राहते. आधी उलटं लावून पाहिलं होतं, पाय खाली म्हणजे वेग जास्त, मोटारीसारखं. त्यात पाय सारखा दाबून धरावा लागे आणि पोटरी भरून यायची. आता बहुतेक वेळ पाय सैल असतो. लालबागचे ते गृहस्थ १९८२च्या गिरणी संपाकडे आले की त्यांचं बोलणं झरझर व्हायला लागतं, नावांमागून नावं येतात, एकाचं आडनाव दुसऱ्याच्या नावात शिरतं. तिथे मी पाय हळूहळू खाली नेते. मग नावं सुटी ऐकू येतात: साचाखात्यात कोण होतं, फाटकावर कोण उभं राहिलं, गावी कोण परत गेलं आणि कुठल्या गावी. ती नावं वेगळ्या यादीत जायला हवीत, प्रत्येकाच्या पुढे ध्वनिमुद्रणातली वेळ टाकून, म्हणजे कुणाच्या नातवाने विचारलं तर नेमकं ते वाक्य ऐकवता येईल. त्यासाठी उजवीकडचा वरचा चौकोन राखून ठेवला आहे.